फिलाखच्या बाई

२३ एप्रिल, मंगळवार

आज मी माझ्याच गावात पाहुणी म्हणून फिरून आले, आणि वर धडधडीत खोटं बोलले. दोन्ही गोष्टी कुणाला सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून इथे लिहिते.

सप्टेंबरात माझ्या एकोणसत्तराव्या वाढदिवसाला ट्राउडीने एक पाकीट दिलं होतं. आत एक जाडसर कार्ड. ‘साल्त्सबुर्गचं खाणं आणि बिअर, वाटाड्यासोबत चार तासांची पायी सहल, दोन व्यक्ती.’ तेव्हा मी म्हटलं होतं, “अगं, आपण इथेच जन्मलो, आपल्याला कोण काय दाखवणार?” ती म्हणाली, “तू दुकानाबाहेर कधी पडलीस? तुला लिंत्सर गल्लीपलीकडचं काय माहीत?” मग ऑक्टोबरात तिने लग्न केलं. पासष्टाव्या वर्षी. माझी धाकटी बहीण, जन्मापासून माझ्याबरोबर एका छपराखाली राहिलेली, रेल्वेतून निवृत्त झालेल्या फालेंटिन ओग्रिस नावाच्या माणसाबरोबर दूर डोंगरांपलीकडे फिलाखला निघून गेली. मला राग नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

कार्डाची मुदत एप्रिलअखेर संपत होती. वाया घालवणं माझ्या रक्तात नाही.

साडेअकराला भाजीबाजारात चर्चसमोर जमायचं होतं. वाटाड्या म्हणजे पंचेचाळिशीचा फाइट मोसलाइटनर, पूर्वी कुठेतरी आचारी होता म्हणे. पोट चांगलं, आवाजही चांगला. त्याने यादी पाहिली. “दोन नावं आहेत. दुसऱ्या बाई?”

“येणार नाहीत.”

त्याने खोडलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला.

बाकी एक डच जोडपं आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाची डार्लीन नावाची गलेलठ्ठ, हसरी बाई. प्रत्येकाने आपण कुठले ते सांगायचं होतं. माझी पाळी आली आणि मला एकदम लाज वाटली. याच गावची म्हातारी, एकटी, पाहुण्यांच्या कळपात! म्हणून म्हणाले, “मी फिलाखची.” दुसरं गाव तोंडात आलंच नाही.

फाइटने माझ्याकडे एकदा पाहिलं. “वा, फिलाखच्या बाई! म्हणजे नूडल्स आम्ही तुम्हाला शिकवायला नकोत, त्या तुमच्याकडच्याच.”

मग चालत सुटलो. बाजारात राय पावाच्या कापावर धुरावलेलं डुकराचं मांस आणि वर किसलेला तिखट मुळा, डोळ्यांतून पाणी. एका जुन्या खानावळीत चीजचे तळलेले गोळे घातलेलं सूप. त्या अरुंद बोळात बोस्ना खाल्ला, म्हणजे पावात दोन बारीक सॉसेज, कांदा आणि करी पावडर. दुकानाच्या चौतीस वर्षांत त्या बोळावरून जाता-येता तो वास माझ्या कोटाला लागला, पण रांगेत कधी उभी राहिले नव्हते. सांगायला नको वाटतं, पण दोन खाल्ले असते.

शेवट तीनला म्युल्नच्या बिअरशाळेत, चेस्टनटच्या झाडांखाली. फळीवरून आपला आपण दगडी मग उचलायचा, कारंज्याच्या थंड पाण्यात विसळायचा, मग पिंपाशी उभं राहायचं. डार्लीनने विचारलं, “नवरा कुठंय तुझा?”

मी म्हणाले, “घरी. गुडघा दुखतोय त्याचा.”

“नाव काय?”

“फालेंटिन.”

“मग फालेंटिनच्या गुडघ्यासाठी!” आणि सगळ्यांनी मग उचलले.

घरी आल्यावर लक्षात आलं की आज चार तास माणसं माझ्याशी बोलली. जानेवारीत दुकान दुसऱ्याला दिल्यापासून असं झालं नव्हतं. पेपर, सिगारेट, लॉटरीची तिकिटं विकताना दिवसाला दोनशे माणसं ‘गुड मॉर्निंग, होल्त्सलबाई’ म्हणायची. आता दिवसाला एक, शेजारच्या लाइटगेबबाई. त्याही जिन्यात गाठ पडली तर.


२८ एप्रिल, रविवार

अकराला फोन. ट्राउडीच असणार, ती रविवारी अकरालाच करते. उचलला नाही. उचलला की ती सांगणार, काल तळ्यावर गेलो होतो, फालेंटिनने असं केलं, तसं केलं. मग विचारणार, “तू काय केलंस?” याचं उत्तर मी दर रविवारी कुठून आणू?


३० एप्रिल, मंगळवार

पुन्हा गेले. या वेळी स्वतःचे पैसे भरून. मूर्खपणा आहे हे मला कळतं.

फाइट म्हणाला, “फिलाखच्या बाई! पुन्हा? आमचं सूप एवढं आवडलं?”

मी म्हणाले, “इथे माझी बहीण राहते. तिला भेटायला येते. एकटीच असते बिचारी.”

तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना.

आज दोन स्विस भाऊ होते आणि बेल्जियमची एक शाळामास्तरीण. मास्तरीण फार चौकस. लग्न कधी झालं, कसं झालं. मी सांगितलं, उशिरा झालं, तो रेल्वेत सिग्नल सांभाळायचा, सकाळी मला अंथरुणात कॉफी आणून देतो, आणि बिअरच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, लागली की लागली. सगळे हसले. माझं मलाच नवल वाटलं, किती सहज सांगत होते मी. फालेंटिनला मी उणीपुरी तीन वेळा पाहिलंय. उंच, कान मोठे, खाली बघून बोलतो. कॉफीचं मी बनवलं. पण बनवताना असं वाटलं की असेलच.

ती मास्तरीण निघताना गळ्यात पडली. “बहिणीला माझा नमस्कार सांग.”

बहिणीला नमस्कार पोचला.


३ मे, शुक्रवार

फोन सात वेळा वाजला. एकदा तर सकाळी सहाला. ट्राउडीला वेळकाळ कळेनासा झालाय. लग्नानंतर माणसाला वाटतं, सगळं जग आपल्या सुखाची वाट बघत बसलंय.


५ मे, रविवार

फोन आज नुसता अकराला नाही, दिवसभर वाजतोय. उशीखाली घालून ठेवला. उशीखालूनही ऐकू येतो.


७ मे, मंगळवार

आमचा तो दोऱ्यासारखा पाऊस. आलेल्या फक्त दोघी, मी आणि सिग्रून नावाची नॉर्वेची एक बाई, माझ्याच वयाची. फाइट म्हणाला, “दोघींसाठीही सगळं होणार, सूप गरम आहे.” बाजारातल्या बाया ताडपत्रीखाली उभ्या होत्या. मुळ्याची मावशी मला म्हणाली, “काय, आज पण?” मी घाईने पुढे गेले. फाइटने ऐकलं असावं.

सिग्रूनचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. ते दोघं मिळून इथे येणार होते. ती सूप ढवळत राहिली, खाल्लं थोडंच. म्हणाली, “शेवटचे दिवस तो बोलायचा नाही. पण शेजारी माणूस बसलेलं त्याला कळायचं. माझी जाऊ रोज यायची आणि काही न बोलता विणत बसायची. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तुझं नशीब, तुझ्याचा नुसता गुडघाच दुखतो.”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मग तिला काय सांगणार? की मला नवरा कधी नव्हता, मी बहिणीचा उसना घेतलाय?

बिअरशाळेत पावसामुळे आत बसलो. तिने विचारलं, “बहीण बरी आहे ना?”

“बरी आहे. हट्टी आहे जरा.”


८ मे, बुधवार

बुधवारी मी पत्रपेटी उघडते. रोज उघडावी असं आता त्यात काही येत नाही. जाहिराती, विजेचं बिल आणि ट्राउडीचं पत्र. अक्षर अगदी वाकडंतिकडं, बसमध्ये बसून खरडल्यासारखं. घाईत लिहायचं तर लिहायचं कशाला? उघडलं नाही, काट्याचमच्यांच्या खणात टाकलं. रविवारी मन शांत असेल तेव्हा वाचीन.


१० मे, शुक्रवार

लाइटगेबबाई जिन्यात आडव्या आल्या. “तुमच्या बहिणीचा फोन आला होता काल माझ्याकडे. विचारत होती, बुर्गी ठीक आहे ना.”

“मग?”

“मी म्हटलं, ठणठणीत आहे. दर मंगळवारी निळा कोट घालून, लिपस्टिक लावून बाहेर पडते, तीन-चार तासांनी गाल लाल करून येते.” डोळे मिचकावले बाईंनी. “कुणी भेटलाय वाटतं?”

“ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. मग म्हणाली, मग राहू दे.”

परक्या माणसाला मध्ये घालायचं कारण काय? मला फार राग आला. रात्रीची भाकरी म्हणजे पाव आणि चीज, तेही अर्धंच खाल्लं.


१२ मे, रविवार

फोन वाजला नाही. अकराला नाही, नंतरही नाही. कळलं एकदाचं तिला.

उशी उचलून पाहिली, तार निघाली की काय. लागलेली होती.

पत्र आज वाचणार होते. नाही वाचलं. मन शांत नव्हतं.


१४ मे, मंगळवार

लख्ख ऊन. नऊ माणसं होती, बहुतेक कॅनडाची, सगळी एकाच गायनमंडळातली, आणि तोंडाला खळ नाही. मी आता या सहलीत इतकी मुरलेय की सूप यायच्या आधीच सांगते, “जपून, गोळे आतून पोळतात.” फाइट म्हणतो, “मला सुट्टी द्या, तुम्हीच चालवा.” हसतात सगळे. मलाही हसू येतं. दिवस कसा जातो कळत नाही.

तीनला चेस्टनटखाली बसलो. झाडं फुललीत, पांढऱ्या मेणबत्त्यांसारखे तुरे. एका म्हाताऱ्याने विचारलं, “आणि हा फालेंटिन, तो का नाही येत कधी?”

मी म्हणाले, “त्याला गर्दी नको वाटते. पण मनाने तो इथेच असतो.”

“मग त्याच्यासाठी गाऊ या!” आणि ते मंडळ उठून उभं राहिलं. काय गाणं होतं कोण जाणे, संथ, चार आवाजांत. बाजूच्या टेबलांवरची माणसं गप्प झाली. गाणं संपल्यावर मी मग उचलला आणि म्हणाले, “फालेंटिन!” सगळे म्हणाले, “फालेंटिन!” मला रडू आलं. कुणासाठी, ते सांगता येत नाही.

पांगापांग झाल्यावर फाइट नदीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. पुलापाशी थांबला.

“होल्त्सलबाई,” तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेपासून सहलीच्या यादीत मी नाव लिहिलं होतं ओग्रिस.

“लिंत्सर गल्लीतलं दुकान,” तो म्हणाला. “चौदा वर्षांचा होतो, तुमच्याकडे सिगारेट मागितली. तुम्ही म्हणालात, ‘आधी नाक पूस.’ पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुम्हाला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही फिलाखच्या म्हणालात. म्हटलं, असेल काही.” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “मी सांगतो ते लागू देऊ नका मनाला. तुम्ही या. दर मंगळवारी या. पण इथल्या म्हणून या ना. सगळा बाजार ओळखतो तुम्हाला, मुळ्याची मावशी मला दर वेळी विचारते, होल्त्सलबाईंना झालंय तरी काय?”

मी पुलाच्या कठड्याला हात टेकला.

“एक विचारू? हा फालेंटिन खरा आहे का?”

“खरा आहे. बहिणीचा आहे.”

“आणि त्याचा गुडघा?”

“मला माहीत नाही.”

“मग विचारा की,” तो म्हणाला, अगदी साधेपणाने, बाजारात भाव विचारा म्हणावं तसं.


१५ मे, बुधवार

सकाळी ठरवलं, आज मीच फोन करायचा. त्याआधी पेटी उघडली.

काळ्या कडेचं पाकीट होतं.

‘फालेंटिन ओग्रिस. ९ मे. अल्प आजारानंतर. दफनविधी मंगळवार, १४ मे, दुपारी तीन वाजता.’

जिन्यातच बसले. लाइटगेबबाई वरून उतरल्या, मला ओलांडून जाता येईना म्हणून उभ्या राहिल्या. मी त्यांना पाकीट दाखवलं. त्या वाचून शेजारी बसल्या.

मग खणातलं पत्र काढलं. चारच ओळी. ‘बुर्गी, फालेंटिनला २ तारखेला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेली असते. तू ये. मला काही नको, नुसती ये.’

तीन तारखेचे सात फोन. पाच तारखेचा दिवसभर. सगळं मीच इथे लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात. कालचं पान उलटून पाहायचा धीर झाला नाही.

फोन केला. कुणी उचलला नाही. तिने न उचलणं बरोबरच आहे.


१६ मे, गुरुवार, फिलाख

सव्वाआठची गाडी धरली. डोंगर लागले, बोगदे आले. कुठेच लक्ष लागलं नाही.

तिनेच दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते. म्हणाली, “आलीस.” त्यात प्रश्न नव्हता, आनंदही नव्हता.

स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. तिने कॉफी ओतली, माझ्या कपात दूध घातलं, जेवढं मला लागतं तेवढंच. हाताची सवय.

“सत्तावीस वेळा केला फोन,” ती म्हणाली.

“हो.”

“वाटलं, तू मेलीस. खरंच वाटलं. इकडे तो असा आणि तिकडे तू जमिनीवर पडली असशील. मग लाइटगेबबाई म्हणाल्या, छान नटूनथटून बाहेर जाते. तेव्हा कळलं.”

“काय?”

“की तू जिवंत आहेस.”

मी म्हणाले, “ट्राउडी, मला माफ कर.”

“आज नाही,” ती म्हणाली. “आज मला जमणार नाही.” आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर माझं अंथरूण घालू लागली.


१७ मे, शुक्रवार

दिवसभर ती कागदपत्रांसाठी फिरली. मी भांडी घासली, बटाटे उकडले. तिने खाल्ले. “मीठ कमी आहे,” म्हणाली. एवढंच.

मी म्हणाले, “घरी चल. तुझी खोली तशीच आहे.”

“हेच माझं घर आहे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “सात महिन्यांचं का असेना.”


१९ मे, रविवार

सकाळी सगळं सांगितलं. सहल, सूप, डार्लीन, सिग्रून, कॅनडाचं गायनमंडळ. मी फिलाखची झाले होते आणि फालेंटिन माझा नवरा. लपवलं काहीच नाही. चौदा तारखेला दुपारी तीन वाजता मी कुठे मग उचलून बसले होते, तेही सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघता येईना, म्हणून टेबलक्लॉथच्या चौकटी मोजत होते.

मला वाटलं, आता म्हणेल, ऊठ आणि चालती हो.

मग म्हणाली, “आणि नवरा म्हणून कसा होता तो?”

“अंथरुणात कॉफी आणून द्यायचा.”

“कधीच नाही. नऊशिवाय उठायचा नाही. आयुष्यभर रात्रपाळी केलेला माणूस. अजून?”

“बिअरच्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही.”

तिने कप खाली ठेवला. “एकोणतीस वर्षं थेंबाला शिवला नव्हता, बुर्गी. तरुणपणी पिऊन पहिला संसार घालवला होता त्याने. पहिल्याच भेटीत सांगितलं मला. म्हणाला, हे ऐकून जायचं असेल तर आत्ताच जा, नंतर मनाला फार लागेल.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलंस कधी? लग्नाच्या दिवशी तू त्याच्याशी एकच वाक्य बोललीस. ‘मीठ इकडे करा.’ तो घरी येऊन मला म्हणाला, तुझी बहीण माझ्याशी बोलली.” तिने टेबलक्लॉथची सुरकुती काढली. “खूश होता.”

खिडकीबाहेर चर्चची घंटा झाली. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. हातात शर्टांचा ढीग घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. चर्चच्या मदतकेंद्राला द्यायचे होते, घड्या घालून.

मी एक शर्ट उचलला. निळ्या रेघांचा, कॉलर विरलेली. घडी घालायला घेतली आणि थांबले.

“ट्राउडी, कसा होता गं तो?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतेय की काय असं. मग शर्ट माझ्या हातातून घेतला, बाही सरळ केली. “हा त्याने पोस्टात घातला होता. मी रांगेत पुढे, तो मागे. मला म्हणाला, बाई, तुमची पर्स उघडी राहिलीय.” तिने कॉलर सारखी केली. “मी म्हटलं, चोराने पण असं सांगितलं असतं. तर म्हणतो, चोराचे कान एवढे मोठे नसतात, असते तर लगेच ओळखू आला असता.”

ती हसली, आणि हसता हसता टेबलाला धरून रडली. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. बोलले नाही.

डोळे पुसून तिने दुसरा शर्ट घेतला. तो तळ्यावरचा. तिसरा त्याच्या मित्राच्या दफनाला घातलेला, त्या दिवशी तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. चौथ्याचं बटण तिने लावलेलं, चुकीच्या रंगाचं, आणि त्याने ते मुद्दाम तसंच ठेवलेलं. ती सांगत होती, मी घड्या घालत होते.

अकरा शर्ट झाले. ढीग अजून अर्धाही उतरला नव्हता.

“पुरे आज,” ट्राउडी म्हणाली. “बाकीचे उद्या.”

परतीच्या गाडीचं मी काही बोलले नाही, आणि तिनेही विचारलं नाही.